तुमचा पासपोर्ट तुमच्याच पिशवीत

लातूरहून एका भगिनींचं पत्र आलं आहे. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, दोघांनीही साठी ओलांडलेली. लेक-जावई अमेरिकेत असतात. लेकीला जानेवारीत दिवस भरतात. तेव्हा नोव्हेंबरात निघायचं आणि चार-पाच महिने राहून यायचं, असा बेत आहे. पत्रात विचारलंय ते असं: तिकडे थंडी फार, तर स्वेटर किती न्यावेत? काळा मसाला, येसर, डिंकाचे लाडू विमानातून नेऊ देतात का? बाळंतिणीच्या शेक-शेगडीचं काय करावं? आणि अगदी शेवटी एक ओळ: "कागदपत्रांचं सगळं हेच बघतात, मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून त्याची काळजी नाही."

मसाल्याकडे मी येणारच आहे, शेगडीकडेही येणार आहे. पण खरं सांगू का, मला काळजी वाटली ती त्या शेवटच्या ओळीचीच.

आपल्या नांदेड-लातूरकडची निवृत्त मंडळी परदेशी जातात ती बहुधा देखावे पाहायला नव्हे. लातूर पॅटर्नमध्ये रात्री जागून शिकलेली मुलं आधी पुण्या-मुंबईला गेली, तिथून समुद्रापलीकडे गेली. त्यांच्यामागून आईवडील जातात ते बाळंतपणाला, बारशाला, नातवंडं सांभाळायला. एखादं जोडपं हौसेनं युरोपच्या सहलीलाही जातं, नाही असं नाही. निवृत्तीचे पैसे हातात आलेले असतात, गुडघे अजून धड असतात. पण कारण कोणतंही असो, घरातली वाटणी तीच. त्यांच्याकडे पासपोर्ट, तिकिटं, डॉलर आणि फोन. तिच्याकडे चटण्या, लोणची आणि गोळ्यांचा डबा. इथे ही वाटणी निभावते, कारण इथे शेजार आहे, दीर-भावजय आहेत, औषधाच्या दुकानातला मुलगा ओळखीचा आहे. तिकडे यातलं काही नसतं.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंचं सांगते. काका बँकेतून निवृत्त झालेले. दोघं मुलाकडे निघाली होती, वाटेत एका विमानतळावर विमान बदलायचं होतं. तिथे काकांना एकाएकी घेरी आली. तिथल्या लोकांनी लगेच चाकाच्या खुर्चीत बसवून त्यांना आत नेलं. पण दोघांचे पासपोर्ट, पुढच्या विमानाचे पास, पैसे आणि फोन, सगळं काकांच्या कमरेच्या पट्ट्यात. काकू चार तास बाकावर बसून होत्या, मांडीवर धपाट्यांचा डबा. नाव विचारलं ते सांगता आलं. मुलाचा फोन नंबर विचारला, तो पाठ नव्हता. काकांना कोणती औषधं चालू आहेत, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा काकू म्हणाल्या, सकाळी एक पांढरी आणि रात्री अर्धी गुलाबी. काकांची साखर उतरली होती, एवढंच निघालं. संध्याकाळपर्यंत ते उठून बसले आणि दुसऱ्या दिवशी दोघं पुढे गेली. पण काकू मला म्हणाल्या, "बाई, चाळीस वर्षं घर मी चालवलं. त्या दिवशी मात्र मी कुणाचंतरी राहून गेलेलं सामान झाले होते."

तेव्हा मसाले कुटायच्या आधी एक काम करा. जुन्या खणाची किंवा जाड सुती कापडाची, पासपोर्ट मावेल एवढी सपाट पिशवी शिवा. एक तुमच्यासाठी, एक यजमानांसाठी. तुमची गळ्यात अडकवून पदराआड राहील अशी असावी. ज्याचा पासपोर्ट त्याच्याच पिशवीत, ज्याचा विमानाचा पास त्याच्याच पिशवीत. त्यात एक जाड कागदाचं कार्ड ठेवा आणि त्यावर इंग्रजीत ठळक लिहून घ्या: तुमचं नाव, लेकीचा पूर्ण पत्ता, लेकीचा आणि जावयांचा नंबर, रक्तगट, आजार, औषधांची नावं, विमा कंपनीचा फोन. मागच्या बाजूला जोडीदाराची तीच माहिती. थोड्या सुट्या डॉलरच्या नोटा त्यातच असू द्या. लेकीचा नंबर मात्र पाठ करायचा. आरत्या पाठ आहेत, मग दहा आकडे काय अवघड आहेत?

आता पासपोर्ट. अर्ज संगणकावर भरावा लागतो. २०१७ पासून टपाल कार्यालयांतूनही पासपोर्टची केंद्रं उघडली, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे आणि साठीपुढच्यांना नव्या पासपोर्टात १० टक्के सूट आहे. बायकांचं काम अडतं ते फीपाशी नाही, नावापाशी. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारावर सासरचं, पॅन कार्डावर मधलं नावच नाही, मतदार ओळखपत्रावर शेवटी 'बाई' चिकटलेलं. जन्मतारीख तर सासूबाईंच्या पिढीत बऱ्याच जणींची एक जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिली. जन्माचा दाखला नसला तर घाबरू नका. तो सक्तीचा आहे तो १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना. आपल्या वयाच्यांना शाळा सोडल्याचा दाखला, पॅन असे पुरावे चालतात. विवाहनोंदणीचा दाखलाही २०१६ च्या डिसेंबरपासून मागत नाहीत. मात्र सगळ्या कागदांवर नाव आणि तारीख एकसारखी हवी. आधी ती दुरुस्ती, मग अर्ज. पासपोर्ट आधीच काढून ठेवला असेल, तर परत यायच्या तारखेनंतरही त्याची मुदत सहा महिने शिल्लक आहे ना, ते पाहा.

अमेरिकेच्या व्हिसाला डीएस-१६० नावाचा लांबलचक अर्ज आहे. तो मुलं तिकडून भरून देतात आणि आपण कुठे काय लिहिलंय ते न वाचताच मुलाखतीला जातो. असं करू नका. छापील प्रत मागवा आणि दोघांनी बसून ओळ न् ओळ वाचा. फी माणशी १८५ डॉलर, ती २०२३ पासून आहे. एका दिवशी बोटांचे ठसे आणि फोटो, दुसऱ्या दिवशी मुलाखत. पूर्वी ऐंशीच्या घरातल्या वृद्धांना मुलाखतीतून सूट मिळत असे; २ सप्टेंबर २०२५ पासून ती गेली, म्हणून वयस्कर मंडळींनाही जायची तयारी ठेवायला हवी. ठशांच्या वेळी बोटांवर मेंदी नको. भांडी घासून, कपडे धुऊन ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांनी आठवडाभर आधीपासून रात्री बोटांना खोबरेल चोळावं आणि भांड्यांची पावडर दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावी. घरात एवढी रजा बाईला मिळायलाच हवी.

मुलाखत मुंबईला द्यावी की हैदराबादला? आपल्याला हैदराबाद जवळ. देवगिरी एक्सप्रेस नांदेडहून एका अंगाला मुंबईला जाते आणि दुसऱ्या अंगाला हैदराबादकडे; लातूरकरांना बीदरवरून मोटारीनं अर्ध्या दिवसात पोचता येतं. तिथली अमेरिकन वकिलात २०२३ पासून नानकरामगुड्याला आहे. विमानही पुष्कळजण हैदराबादचंच घेतात, कारण मुंबईच्या निम्म्या अंतरात काम होतं. पण ज्या बाईला मराठीशिवाय बोलायला अवघड जातं, तिनं मुंबईचा विचार करावा; तिथे मराठीतून मुलाखत देता येते. आणि एक लक्षात ठेवा, खिडकीपलीकडचा अधिकारी तुम्हालाही प्रश्न विचारतो. कुणाकडे चाललात, किती दिवस, खर्च कोण करणार, इथे मागे कोण आहे? यजमानांनी दोघांची उत्तरं द्यायची नाहीत. घरी चार संध्याकाळ सराव करा, हवं तर शेजारणीला अधिकारी करून समोर बसवा. जे खरं आहे तेच सांगायचं. लेकीचं बाळंतपण आहे तर तसंच सांगा. या व्हिसावर तिकडे पगाराचं कोणतंही काम करता येत नाही, एवढं मात्र माहीत असू द्या.

व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो आणि पुष्कळांचा इथेच घोटाळा होतो. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं राहायची मुभा नव्हे. तिकडच्या विमानतळावर उतरल्यावर अधिकारी राहण्याची तारीख ठरवतो, साधारण सहा महिन्यांची. तिला आय-९४ म्हणतात. पोचल्यावर दोन-चार दिवसांत लेकीकडून तिचा कागद संगणकावरून काढून घ्या. प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून तुमचाही. परतीचं तिकीट त्या तारखेच्या आधी पंधरा-वीस दिवसांचं असावं, म्हणजे ऐनवेळी कुणी आजारी पडलं तर हाती दिवस राहतात.

विम्यावर पैसे वाचवू नका. पाहुण्या म्हाताऱ्या माणसांना अमेरिकेत सरकारी वैद्यकीय मदत नसते आणि इस्पितळाची एक रात्र आपल्या वर्षभराच्या पेन्शनला भारी पडू शकते. विमा घेताना रक्तदाब, मधुमेह, जुनी अँजिओप्लास्टी हे सगळं सांगायचं. एजंट म्हणेल, "काकू, लिहू नका, हप्ता वाढतो." वाढू दे. लपवलेल्या आजारावर कंपनी नंतर बोट ठेवते. आधीपासूनच्या आजारात नेमकं काय मिळणार, फक्त जीव वाचवण्यापुरतं की पुढचे उपचारही, हा एकच प्रश्न विचारून उत्तर लिहून घ्या. युरोपच्या शेंगेन देशांत तर निदान ३०,००० युरोचा विमा असल्याशिवाय व्हिसाच मिळत नाही.

औषधं हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटांतच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. गोळ्या सुट्या करून स्टीलच्या डबीत भरायची आपली सवय इथेच ठेवा. डॉक्टरांना सांगून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव टाइप करून घ्या, कारण आपलं कंपनीचं नाव तिकडे कुणाला कळत नाही. आपल्या पॅरासिटामॉलला अमेरिकेत असिटामिनोफेन म्हणतात. साधारण ९० दिवसांची औषधं नेता येतात. त्यापुढच्या गोळ्यांचं काय, ते लेकीला निघण्याआधी विचारून ठेवा. इन्शुलिन मोठ्या बॅगेत टाकू नका, विमानाच्या पोटात ते गोठतं. आणि यजमानांना कोणती गोळी कशासाठी चालू आहे, हे तुम्हाला माहीत हवं, तसंच तुमच्या गोळ्यांचं त्यांना. पुरुषमंडळींना हा धडा जड जातो असा माझा अनुभव आहे. बायकोला थायरॉइड आहे हेच कित्येकांना आठवत नाही.

आता या मसाल्यांकडे. काळा मसाला, येसर, कारळाची चटणी, जवसाची चटणी, मेतकूट, ज्वारीचं पीठ हे सगळं कोरडं, घट्ट बांधलेलं आणि मोठ्या बॅगेत. हातातल्या पिशवीत पुडी नको, कारण अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात २०१८ पासून ३५० मिलीपेक्षा, म्हणजे साधारण दीड पेल्यापेक्षा जास्त पूड सोबत असली की ती वेगळी तपासतात. प्रत्येक पुडीवर इंग्रजीत नाव आणि तारीख लिहा. येसर म्हणजे काय हे तिथल्या माणसाला सांगायची वेळ आलीच, तर "भाजलेल्या धान्याचा मसाला" एवढं इंग्रजीत लेकीकडून लिहून घ्या. लोणचं मोठ्या बॅगेत, तीन पिशव्यांत गुंडाळून. तरी एखादी पैठणी त्या बॅगेत ठेवू नका. खोबऱ्याची वाटी आणि कापूर सामानात चालत नाहीत, दोन्ही पेट घेतात. फोनला वीज देणारी पॉवर बँक मात्र मोठ्या बॅगेत नको, हातातच हवी.

तांदूळ, हरभरे, करडई आणि सोयाबीन प्रवाशाच्या सामानातून अमेरिकेत न्यायला २०११ पासून बंदी आहे. कारण ऐकाल तर नवल वाटेल: खपरा भुंगा! आपल्या कोठीतल्या धान्यात शिरतो तोच. तो एकदा शिरला की निघत नाही, हे आपल्याला सांगायला नको. ओला कढीपत्ताही नको, कारण त्याच्यावर बसणारी कीड तिकडच्या संत्र्या-लिंबांच्या बागा मारते. ताजी फळं, भाज्या, पेरायचं बी, मांसाचं काहीही नको. लातूरची डाळ सोबत न्यायची कितीही हौस असली, तरी डाळ-तांदूळ तिकडच्या भारतीय दुकानांत मिळतात. वजन त्यात घालवू नका. उतरल्यावर खाण्याचं काही आहे का विचारलं, की "हो" म्हणायचं. सांगितलेली वस्तू नको असली तर ते काढून घेतात, दंड करत नाहीत. लपवलेली सापडली तर करतात.

डिंकाच्या लाडवांचं एक वेगळंच आहे. लाडू न्या, पण त्यात खसखस घालू नका. दिवाळीच्या मागेपुढे निघणार असाल तर अनारसेही नकोत. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई-अबुधाबीत, खसखशीवर बंदी आहे. तिथे ती अमली पदार्थांत धरतात आणि आपली बरीच विमानं तिथूनच जातात. सिंगापुरातही खसखस चालत नाही. वाटेत कुठे थांबणार आहोत, ते मसाल्याचा डबा उघडायच्या आधी पाहावं लागतं. ऑस्ट्रेलियाचे नियम आणखी कडक. मल्याळी अभिनेत्री नव्या नायर यांनी केसात माळायला नेलेल्या मोगऱ्याच्या गजऱ्याबद्दल त्यांना मेलबर्नच्या विमानतळावर १,९८० ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला, ही २०२५ च्या सप्टेंबरातली गोष्ट. लाखभर रुपयांचा गजरा झाला की हो तो!

स्वेटर एकच न्या, विमानात घालायला. बाकी अंगाला चिकटून बसणारे गरम कपडे दोन जोड. ते साडीखाली घालता येतात. बर्फात चालायचे बूट लेकीबरोबर जाऊन तिथेच घ्या, इथले घसरतात.

बाळंतपणाचं जरा सविस्तर लिहिते, कारण नेमकं यावरून माय-लेकीत कुरबुर होते. तिकडची घरं पुष्कळदा लाकडी, आणि प्रत्येक घरात छताला धुराची घंटा बसवलेली. नुसत्या मिरचीच्या फोडणीनं ती बोंबलते. तिथे शेगडीवर ओवा-बाळंतशोपा टाकून धुरी द्यायला गेलात, तर दारात आगीचा बंब उभा राहील. धुरी सोडा, शेकायला गरम पाण्याची पिशवी आहे, मालिश आहे, ओव्याचं पाणी आहे. बाळाला तिथले डॉक्टर उताणंच निजवायला सांगतात, वेगळ्या पाळण्यात, आणि त्यात उशी, दुपटं, गोधडी काही ठेवू देत नाहीत. आपण सहा महिने खपून शिवलेली गोधडी बाजूला पडली की वाईट वाटतं, पण झोपेत बाळाचा श्वास कोंडू नये म्हणून ते सांगतात. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, काजळ घालायचं नाही, हेही आधीच मनाशी ठरवून जा. उलट एक काम इथून निघण्यापूर्वी करा: डांग्या खोकल्याची लस घेऊन ठेवा, निदान पंधरा दिवस आधी, दोघांनीही. नवजात बाळाजवळ राहणाऱ्या आजी-आजोबांनी ती घ्यावी, असं तिकडे सांगतात.

बाळंतपणाचे पहिले दोन महिने कामात जातात. खरी परीक्षा त्यानंतरची. लेक-जावई कामावर, बाळ झोपलेलं, बाहेर साडेचारला अंधार. रिक्षा नाही, बस नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आजोबा फोनवर इकडच्या बातम्या पाहत बसतात आणि आजीला स्वयंपाकघर पुरतं, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात चार गोष्टी दोघांनी शिकून घ्या: दार आणि कुलूप, गॅस किंवा विजेची शेगडी, घरातला फोन आणि ९११. तो तिकडचा मदतीचा नंबर. ब्रिटनमध्ये ९९९, युरोपात ११२, ऑस्ट्रेलियात तीन शून्यं. ९११ ला फोन लागल्यावर घराचा पत्ता इंग्रजीत सांगता आला पाहिजे, म्हणून तो फोनजवळ लिहून चिकटवा. मग जवळचं सार्वजनिक वाचनालय गाठा. पुष्कळ वाचनालयांत इंग्रजी बोलण्याचे फुकट वर्ग असतात, आणि तिथे चिनी, मेक्सिकन, अफगाण आज्याही येऊन बसलेल्या असतात. महाराष्ट्र मंडळांची चौकशी करा. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचं मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झालं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचं आहे. मुलगा लंडनला असेल, तर किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर पाहून या. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर शिकत असताना तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनानं २०१५ मध्ये ते विकत घेऊन तिथे स्मारक केलं. मराठवाड्यातल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही.

लातूरच्या मंडळींना तिकडे एक गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे भांडी विसळताना सोडून दिलेला नळ. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी ज्यांनी प्यायलं, त्यांना ते बघवणार तरी कसं? पण रोज जावयाला टोकू नका, आठवड्यातून एकदा पुरे.

पैशाचं थोडक्यात. पेन्शनरांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि पत्र लिहिणाऱ्या भगिनी नेमक्या नोव्हेंबरात निघताहेत. तो देऊनच निघा. जीवन प्रमाण ही संगणकावरची सोय २०१४ पासून आहे, २०२१ पासून चेहरा दाखवून फोनवरही दाखला देता येतो. तिकडे असताना अडलंच तर भारतीय वकिलातीतून दाखला मिळतो. बँकेचा ओटीपी इकडच्या नंबरावर येतो, म्हणून इकडचं सिम चालू ठेवा, दोघांचंही. तुमच्या नावाचं किंवा जोडखातं असेल, तर त्याचं कार्ड तुमच्या पिशवीत असू द्या आणि ते एकदा इथल्याच यंत्रावर स्वतः वापरून पाहा. भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंतच बाहेर नेता येतात. पाटल्या, गोठ लॉकरमध्ये ठेवून जा. भारी दागिने न्यायचेच असतील तर निघताना विमानतळावर कस्टमकडून तसा दाखला करून घ्या, म्हणजे परतताना हे सोनं कुठून आणलं, असं कुणी विचारणार नाही. सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांकडून कंपनी टीसीएस नावाचा कर घेते. तो बुडाला असं समजू नका. विवरणपत्र भरलं की तो हिशेबात धरला जातो, जास्तीचा परत मिळतो.

ज्यांनी आजवर तिरुपती-शिर्डीपलीकडे एकट्यानं प्रवास केला नाही, त्यांनी अमेरिकेआधी एक लहान फेरी करावी असं मला वाटतं. नेपाळ चांगलं. लुंबिनी आहे, पशुपतिनाथ आहे, भाषा समजते. ६५ वर्षांवरच्या भारतीयांना तिथे आधार कार्डावरही जाता येतं. त्याखालच्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. मराठी सहल कंपन्यांबरोबर गेलात तर पिठलं-भातही मिळतो. केसरी पाटलांनी १९८४ साली सुरू केलेल्या कंपनीपासून ही सोय आपल्याकडे रुळली आहे. फक्त अशा सहलीतही दोघांचे पासपोर्ट एकाच पट्ट्यात जाऊ देऊ नका. आणि एक दिवस तरी बाजारातून खोलीपर्यंत वाट शोधत तुम्ही पुढे चाला, यजमान मागून येतील.

घर बंद करताना गॅसची टाकी काढून ठेवा, पाण्याचा मुख्य कॉक बंद करा, फ्रिज रिकामा करून दार किलकिलं ठेवा. धान्यात बोरिक पावडर किंवा कडुलिंबाचा पाला घाला. एक किल्ली शेजारी, एक भावाकडे, आणि तिसरी त्या खणाच्या पिशवीत.